धान्याचा नमुना घ्यावा की लघवीचा?

धान्यातल्या बुरशीचं विष माणसाच्या पोटात किती जातं, हे मोजायला निघालं की दोन वाटा दिसतात. घरातलं धान्य तपासायचं, कोण किती खातं ते विचारायचं आणि गुणाकार मांडायचा. नाहीतर सरळ माणसाची लघवी तपासायची. सोलापूर जिल्ह्यात मी दोन्ही करून पाहिलं आहे. आता कुणी विचारलं तर माझा कल कुठे आहे ते लपत नाही, पण धान्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

दोषी कोण, हे धान्यच सांगतं. रब्बीची मालदांडी ज्वारी कोरड्या हवेत पिकते, त्यामुळे ती बहुधा स्वच्छ निघते. खरिपाची ज्वारी कणसात दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडते, आणि भीती तिचीच. 1995 साली दख्खनच्या पठारावर भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावोगावी पोटदुखी-जुलाबाची साथ आली, तेव्हा फ्युमोनिसिन या बुरशीच्या विषाचा माग धान्यातूनच लागला. शिवाय कायद्याची मर्यादाही धान्यालाच आहे : अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं दुसरं विष, किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. लघवीला अशी रेषा नाही. अहवाल अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा असेल तर ही गोष्ट जड भरते.

विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत ठासून असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यावर उपाय आहेत : ठिकठिकाणचं धान्य घ्या, सगळं एकत्र दळा. मला वैताग आणला तो वेगळ्याच गोष्टीने.

दारात जाऊन म्हणायचं, "मावशी, रोज खाता त्यातली वाटीभर ज्वारी द्या." मावशी आत जातात आणि सुपाचा आवाज येतो. पाखडून, काळे दाणे वेचून, मोत्यासारखी ज्वारी बाहेर येते. "अहो, होती तशीच द्या" म्हटलं तर उत्तर ठरलेलं : "असली कशी देऊ? लोकं काय म्हणतील?" काही घरांत तर पाहुण्यांसाठी राखलेली मंगळवेढ्याची ज्वारी मिळते आणि रोजच्या भाकरीचं धान्य कणगीतच राहतं. यात लबाडी काहीच नाही, घराची अब्रू आहे. पण नेमकं जे मोजायचं तेच सुपातून उडून जातं.

मग मी पिठाच्या डब्यावर आलो. खूपच बरं पडलं : दळलेलं असल्याने विष मिसळलेलं असतं आणि पीठ काही पाखडता येत नाही. तरी शेंगाचटणी हिशेबाबाहेर राहतेच, आणि इथे ती जवळपास प्रत्येक ताटात. शेंगदाणा म्हणजे अफ्लाटॉक्सिनचं आवडतं घर. भाजल्याने ते कमी होतं, संपत नाही. त्यात "काल किती भाकरी खाल्ल्या?" याचं उत्तर. पुरुष झटकन आकडा सांगतात. बाई सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाते, तिचा आकडा कुणी मोजलेलाच नसतो. भाकरीही घरागणिक लहानमोठी, कडक भाकरीचं वजन आणखी निराळं.

लघवीला हे काही विचारावं लागत नाही. सकाळची पहिली लघवी बाटलीत आली की ज्वारी, चटणी, रेशनचा गहू, उरलंसुरलं, सगळं त्यात आलं. मागताना सुरुवातीला संकोच होतो. आशाताई सोबत असल्या की तोही ओसरतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर काम धान्यापेक्षा सोपं. बर्फाची पेटी, लघवी पातळ की घट्ट हे ताडायला क्रिएटिनिनचा हिशेब, नैतिक समितीची परवानगी, हा ताप आहेच.

खरी उणीव दुसरी आहे. गव्हातल्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या बुरशीच्या विषाचा मोठा हिस्सा लघवीत उतरतो, पण फ्युमोनिसिनचा एक टक्काही उतरत नाही. ज्वारी-मक्याचाच प्रश्न असेल तर अगदी थोडं विषही पकडणारं चांगलं एलसी-एमएस यंत्र लागेल, एलायझा ही साधी चाचणी बहुधा पुरणार नाही. अफ्लाटॉक्सिनची लघवीतली खूणही एक-दोन दिवसांपुरतीच. मागच्या दोन-तीन महिन्यांचं हवं तर रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं विष तपासावं लागतं, पण सुई म्हटली की घरं गळतात. मी त्या वाटेला फारसा गेलो नाही.

तेव्हा साठवणुकीचा किंवा वाणांचा प्रश्न असेल तर खुशाल धान्य घ्या, मी आड येणार नाही. माणसाच्या पोटात काय गेलं हा प्रश्न असेल तर, माझ्या अनुभवापुरतं सांगतो, लघवी घ्या. मोजक्या घरांतून पीठही घ्या, म्हणजे विष कुठून आलं याचा अंदाज येतो. फक्त डबा स्वतः उघडा, आणि येणार आहोत असा निरोप आदल्या दिवशी पाठवू नका.