सीटी-एमआरआयच्या प्रतिमा: स्वतःचा सर्व्हर की क्लाउड?

म्हापसा, फोंडा, मडगाव अशा शाखा असलेल्या रुग्णालयाने प्रतिमा साठवायच्या कुठे?

आधी वेग. सीटीचा एक काप (शरीराच्या एका छेदाची प्रतिमा) साधारण अर्धा एमबी, म्हणजे हजार कापांची तपासणी ५०० एमबी. ५० एमबीपीएसच्या (सेकंदाला ५० मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) लाइनवर ती क्लाउडवर चढायला किमान ८० सेकंद लागतात. आतल्या गिगाबिट नेटवर्कवर पाचेक सेकंद. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली की क्लाउड ठप्प. म्हणून अलीकडच्या तपासण्या जागेवर ठेवणारा कॅशे सर्व्हर प्रत्येक शाखेत हवाच.

सर्व्हरला एकरकमी पैसा, वर यूपीएस आणि एसी. क्लाउडचं भाडं साठ्याबरोबर वाढत जातं; डेटा मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचं प्रमाणित फाइल स्वरूप) स्वरूपात परत घेण्याचा दर करारातच लिहून घ्या. आणि रेड (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क जोडण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे: रॅन्समवेअर (खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणारा व्हायरस) सगळ्या डिस्कवरचा डेटा एकदम निकामी करतो.

खरा घोळ दोन्हीकडे रुग्ण क्रमांकाचा. शाखागणिक क्रमांक वेगळा असेल तर जुना स्कॅन डॉक्टरांसमोर येतच नाही, आणि रुग्णाला तीच तपासणी पुन्हा करावी लागते. क्रमांक एकच ठेवा. तो वर्कलिस्टमधून (नोंदणी झालेल्या रुग्णांची संगणकावरची यादी) थेट यंत्रावर यावा, हाताने टंकू नये.

एकाच इमारतीतल्या रुग्णालयाला स्वतःचा सर्व्हर पुरतो, दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवून. शाखा अनेक आणि रिपोर्टिंग घरून होत असेल तर क्लाउड घ्या, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनींसह.