एअर बेड आणायला गेलो आणि शिकवणी घेऊन आलो

आईला पॅरालिसिसचा झटका आला, डिस्चार्ज देताना "एअर बेड घ्या" एवढंच सांगितलं, कसा लावायचा वगैरे काही नाही. मग ओळखीतून ह्या रुग्णसाहित्य केंद्राचा नंबर मिळाला, बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर सगळं वापरायला फुकट देतात, गरज संपली की स्वच्छ करून परत द्यायचं. फुकटचं म्हणजे मोडकंतोडकं असणार असं धरूनच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

केंद्र म्हणजे एका ताईंच्या घरातली पुढची खोली. फॉर्मबिर्म नंतर, आधी विचारलं, "आईंना स्वतःहून कूस बदलता येते का?" आणि लगेच "रात्री कोण उठतं?" ह्यावर मी गप्पच, कारण उठते माझी बायको.

त्यांचे वडील चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. माकडहाडापाशी लाल डाग दिसला तो घामोळं समजून ह्या पावडर लावत राहिल्या, आणि तिथेच बेडसोअर, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणारी जखम, झाला. वडील गेल्यावर बेड विकायला काढला, पण घ्यायला आलेल्या माणसाची दशा बघून पैसे घेववेनात, तसाच दिला. तो परत आला की पुढच्याला, असं करत खोली भरली.

बेड तिथेच फुगवून दाखवला. नळ्या आळीपाळीने भरतात नि रिकाम्या होतात म्हणून एकाच जागी दाब राहत नाही, पण वर चादर ताणून खोचली किंवा जाड गोधडी घातली की फायदा गेलाच. मला झोपवलं आणि कमरेखाली, बेडच्या खालून हात घातला, हाड हाताला टेकलं तर हवा कमी. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही, हे तीनदा बजावलं.

स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिकदृष्ट्या अपंग खेळाडूंच्या स्पर्धा, सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या युनिस केनेडी श्रायव्हर यांचंही असंच काहीसं, बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अपंग, म्हणून 1962 मध्ये घरच्याच आवारात अशा मुलांसाठी कॅम्प घेतला आणि 1968 ला शिकागोत पहिल्या स्पर्धा. तिथे मागे केनेडी घराणं होतं म्हणा, इथे ताई एकट्या, आणि तक्रार आहे ती त्यातूनच. दिवसा फोन लागत नाही, त्या नोकरीवर असतात. आम्हाला दिलेल्या व्हीलचेअरचा डावा ब्रेक ढिला निघाला, बदलून मिळायला आठवडा गेला. लोक सामान वेळेवर परत करत नाहीत, त्या मागायला संकोचतात, आणि वेटिंगवाले ताटकळतात. कोणीतरी निदान वसुलीचं काम अंगावर घ्यायला हवं, मी रविवारी जाईन म्हटलंय, बघू.

बेडच्या मोटरचा घुर्र आवाज येतो, दोन रात्रींत सवय होते. पाचपैकी साडेचार. फोन संध्याकाळीच करा, पेशंटचं वजन माहीत करून घ्या, आणि रात्री कोण उठणार तेही घरी ठरवून जा, विचारतातच.