इंडिया मार्क टू हापसा: आफ्रिकेतील गावांसाठी घ्यावा का?

पूर्व आफ्रिकेतील एखाद्या गावाला पाण्यासाठी मदत करायची ठरली की देणगीदार मंडळांपुढे इंडिया मार्क टू या हापशाचा पर्याय हमखास येतो. युगांडातील गावांत हा हापसा रोजच्या वापरात आणि दुरुस्तीच्या वेळी उघडलेला अशा दोन्ही अवस्थांत पाहिल्यानंतर तो पर्याय आजही चांगला आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याच्यासोबत कोणते पाइप येणार आणि तो बसवून झाल्यावर त्याची देखभाल कोण करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय त्याची ऑर्डर देऊ नये.

या हापशाचे मूळ आपल्याकडचे आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी कोणाला ठाऊक नसते. साठ-सत्तरच्या दशकांतील दुष्काळांत कठीण खडकात विंधन विहिरी घेण्यात आल्या, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप एका शेतकरी कुटुंबाच्या गरजेपुरते घडवलेले होते आणि दिवसभर अख्खे गाव हापसू लागल्यावर ते टिकत नसत. जालना आणि सोलापूर येथील कार्यशाळांनी पोलादी बांधणीचे, कमी सांध्यांचे मजबूत पंप तयार केले. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी सत्तरच्या दशकात मार्क टूची रचना पक्की केली व कोइमतूरच्या परिसरात तिच्या चाचण्या घेतल्या. ही रचना कोणा एकाच्या मालकीची नसल्यामुळे ती कोणत्याही कारखान्याला बनवता येते. युगांडाचा यू-टू हा मानक हापसा याच रचनेवर बेतलेला आहे.

वापराच्या दृष्टीने यंत्रात खोट काढावी असे थोडे आहे. दांड्याच्या टोकाला कमानीवरून जाणारी साखळी असल्यामुळे खालचा रॉड नेहमी सरळ रेषेत ओढला जातो आणि सांधे लवकर झिजत नाहीत. वरची पेटी झाकणबंद असल्याने मुलांनी काडी किंवा खडा टाकला तरी तो विहिरीत जात नाही. साधारण २५ मीटर खोलीवरून हापसले तर तासाला आठशे-नऊशे लिटर पाणी मिळते, म्हणजे युगांडात घरोघरी दिसणारा २० लिटरचा पिवळा कॅन दीड मिनिटाच्या आत भरतो. तीनशे माणसांना प्रत्येकी २० लिटर पाणी द्यायचे तर हापसा जवळपास सात तास अखंड चालवावा लागतो, आणि तीनशे लोकांमागे एक हापसा हा हिशेब याच क्षमतेला धरून आहे. प्रत्यक्षात शेजारच्या वस्त्यांतील लोकही त्याच ओट्यावर येतात, पहाटेपासून रांग लागते आणि यंत्रावर ठरवून दिलेल्यापेक्षा कितीतरी अधिक भार पडतो. पाणी ४५ मीटरहून खोल असेल तर दांडा बायका-मुलांना जड जातो. अशा ठिकाणी जास्त खोलीसाठीचा वेगळा नमुना मागावा.

खरी अडचण जमिनीखाली आहे. मूळ मार्क टूमध्ये ३२ मिलिमीटर व्यासाचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप येतात. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या खडकातल्या पाण्यात ते वर्षानुवर्षे टिकतात, परंतु आफ्रिकेच्या मोठ्या भागात भूजल आम्लधर्मी आहे आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा थर झपाट्याने विरघळतो. एका गावात बाहेर काढलेला पाइप मी हातात घेऊन पाहिला. मधला भाग वरून धड दिसत होता, पण आट्यांजवळ नारिंगी पापुद्रे सुटले होते आणि तेथील लोखंड नखाने टोकरले तरी निघत होते. पाइप बहुधा याच जागी तुटतो आणि त्याखालची सगळी माळ विहिरीच्या तळाशी जाऊन बसते.

त्याच्या कितीतरी आधी पाणी बिघडलेले असते. सकाळचा पहिला कॅन लालसर येतो, पाण्याला लोखंडाची चव लागते, कपड्यांवर डाग पडतात, शिजवलेल्या अन्नाचा रंग बदलतो. मग बायका पुन्हा ओढ्याचे पाणी भरू लागतात, आणि ओढ्याचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी जुलाबाचे आजार त्यातूनच येतात. हापसा चालू आहे, नोंदवहीतही तसेच लिहिले आहे, पण गाव त्याचे पाणी पीत नाही, अशी स्थिती निर्माण होते. पश्चिम आफ्रिकेतील अभ्यासांनी हा दोष ऐंशीच्या दशकातच दाखवून दिला होता, तरीही किंमत कमी म्हणून तेच पाइप पुढे अनेक वर्षे पाठवले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. युगांडाच्या पाणी व पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये नव्या तसेच दुरुस्तीच्या कामांत हे पाइप वापरणे थांबवले. पर्याय म्हणून स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगल्या जाडीचे यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकचे) पाइप घ्यावेत. स्टेनलेस म्हणून विकला जाणारा प्रत्येक पाइप त्या दर्जाचा नसतो, त्यामुळे खरेदीपूर्वी नमुन्याची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

दुरुस्तीच्या सोयीत मार्क टू मागे पडतो. तळाच्या सिलिंडरमधील वॉशर बदलायचा असला तरी तीन-तीन मीटरचे सगळे पाइप एकेक करून वर ओढावे लागतात; ३० मीटरच्या विहिरीत पाइप, रॉड आणि सिलिंडर मिळून हे वजन शंभर किलोंच्या पुढे जाते. त्यासाठी तिकाटणे, पकडी, जाणता मिस्त्री आणि चार-पाच धट्टीकट्टी माणसे लागतात. मार्क थ्री या सुधारित नमुन्यात पाइप रुंद असल्याने पिस्टन वरूनच बाहेर काढता येतो. मलावी आणि केनियात विकसित झालेला आफ्रिदेव हा हापसा याहून सोपा आहे. त्याचे पाइप प्लॅस्टिकचे असून तो एकाच पान्याने उघडतो आणि गावातील बायकांनाही शिकून दुरुस्त करता येतो. पाणी फार खोल नसेल आणि त्या जिल्ह्यात आफ्रिदेवचे सुटे भाग मिळत असतील, तर मी आफ्रिदेवच सुचवीन. जिल्ह्यातील मिस्त्रींच्या हातात मार्क टू बसलेला असेल, तर तेथे नवा नमुना नेऊन त्यांची पंचाईत करू नये.

तिसरा पर्याय म्हणून मुलांनी फिरवायच्या चक्रावर चालणारा प्लेपंप दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला बराच गाजला. २००६ मध्ये त्यासाठी अमेरिकेतून मोठ्या रकमांची घोषणा झाली आणि चार हजार पंपांचे उद्दिष्ट ठरले. किंमत साध्या हापशाच्या साधारण चौपट होती, आणि मुले शाळेत असताना ते चक्र बायकांनाच ढकलावे लागे. हा पर्याय कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत कोणत्याही वेळी साधारण तीनपैकी एक हापसा बंद असतो, असे २००९ च्या सुमाराच्या संकलनात दिसले होते. नंतरचे अंदाज चारपैकी एक असे आहेत. यंत्राच्या गुणांवर हा आकडा फारसा हलणार नाही. तो हलतो तो व्यवस्थेने. केनियातील क्युसो येथे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हापशांच्या दांड्यात छोटे ट्रान्समीटर बसवले आणि बंद पडलेल्या हापशाची खबर मिळताच मिस्त्री पाठवण्याची सोय केली, तेव्हा दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ २७ दिवसांवरून तीन दिवसांच्या आत आला. पुढे किटुई आणि क्वाले येथे फंडीफिक्स या नावाने हे काम ठरावीक मासिक वर्गणीवर सुरू झाले. पंप तोच असताना गावाला मिळणाऱ्या पाण्यात एवढा फरक पडतो.

म्हणून आपल्याकडील एखादे मंडळ किंवा कंपाला-नैरोबीतील मराठी कुटुंबे एकत्र येऊन हापसा देणार असतील, तर कोटेशन मागवतानाच विहिरीच्या पाण्याच्या सामूचा अहवाल मागावा, पाइपांचा प्रकार लेखी नमूद करून घ्यावा आणि वॉशर, साखळी व बेअरिंग सर्वांत जवळ कोणत्या बाजारात मिळतात ते विचारावे. युगांडात जिल्हावार हापसा मिस्त्रींच्या संघटना आहेत. काम सुरू होण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाशी आणि गावाच्या पाणी समितीच्या खजिनदार बाईंशी बोलून घ्यावे. देणगीतून दोन हापसे होत असतील तर एकच द्यावा आणि उरलेली रक्कम पहिल्या पाच वर्षांच्या दुरुस्तीसाठी त्या समितीच्या खात्यात ठेवावी.