टर्बो डिझेलचं इंजिन गेलं: बांधून घ्यावं की दुसरं टाकावं?

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर माझ्या गाडीने आधी निळा धूर सोडला, मग खालून ठकठक सुरू झाली. टो करून वागळे इस्टेटला नेली. ऑइल चेंबरमधली जाळी काळ्या गाळाने गच्च भरली होती. तेल न पोचल्याने टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) गेला आणि बिग एंडही, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं बेरिंग. बेरिंगचे शेल हातात घेतले, तर वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं.

कंपनीचं नवं इंजिन 2016 च्या गाडीला परवडत नाही, तो विषय तिथेच सोडला. राहिलं कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातलं इंजिन किंवा आहे तेच उघडून, झिजलेले भाग बदलून बांधणं.

खरं सांगायचं तर कुर्ल्याचं मला आधी पटलं होतं. मजुरी धरून लाखाच्या आत, तीन-चार दिवसांत गाडी दारात. ज्याची गाडी भाड्याने फिरते आणि महिन्याचा हप्ता चुकत नाही, त्याने तेच केलं तर मी नाव ठेवणार नाही.

माझं मन उडालं ते इंजिन नंबरवरून. बिलावर नंबर हाताने लिहिलेला आणि शेवटून दुसरा आकडा गिरवलेला, 3 म्हणावा की 8 ते कळेना. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर पाहू म्हटलं, तर तिथे गंज. चिंधीने घासलं, टॉर्च तिरपा धरला, तरी तोच आकडा लागेना. इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. हे इंजिन कुठल्या गाडीचं, ती गाडी अपघातातली की चोरीची, काहीही विचारलं तरी विकणाऱ्याचं उत्तर एकच: "साहेब, पंधरा दिवस चालवून बघा." उद्या विम्याच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडलं तर मी काय दाखवणार होतो?

म्हणून बांधून घेतलं. नंबर तोच राहिला, आरटीओची पायरी चढावी लागली नाही. पण पाच आठवडे लोकलने गेलो आणि 1 लाख 30 हजार लागले. बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणं), त्यात बसणारे ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून गुळगुळीत करणं), हेड फेसिंग (सिलिंडर हेड सपाट करणं), टर्बोचं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग), हे सगळं ओघाने आलंच.

एका ठिकाणी मात्र अडून बसा. टर्बो गेला की तेल आणि धातूचा चुरा इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागात) साचतो, बेरिंगचा चुरा ऑइल कूलरमध्ये. आमच्या मिस्त्रींनी इंटरकूलर उलटा टांगला, तर संध्याकाळपर्यंत तेल ठिबकत होतं. ऑइल कूलर आणि टर्बोचा तेलाचा पाइप तर नवेच टाकले. हे न करता गाडी चालू केली, तर नवे बेरिंग जुन्याच वाटेने जातात.

ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेला असेल, तर बांधायचा आग्रह मी धरणार नाही. तेव्हा दुसरं इंजिन घ्या, पण नंबर स्वतः ब्लॉकवर वाचून आणि मूळ गाडीचे कागद हातात घेऊनच पैसे द्या.

माझी 22 हजार किलोमीटर झाली. ऑइल आता दर 7 हजारांना बदलतो आणि काढलेलं तेल बोटांवर चोळून पाहतो.