रत्नागिरीत पायी टूर घेतला, त्याचा रिव्ह्यू (लांबलाय, सांभाळून घ्या)

आम्ही सोलापूरचे, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरचे. गणपतीपुळ्याला जाताना दोनतीनदा रत्नागिरी लागली, पण स्टेशन पडतं गावाबाहेर कुवारबावला, तिथनंच गाडी करून पुढे गेलो की गाव काही दिसत नाही. ह्यावेळी नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवस मुद्दाम गावातच राहिलो. होमस्टेवाल्या काकू म्हणाल्या म्हणून एक पायी टूर बुक केला, माणशी पाचशे, सकाळी सात ते दहा, चहा-आंबोळी धरून. टूरवाल्यांचं नाव टाकत नाहीये, गाईड पोरगा नवीन आहे, शिकेल.

सुरुवात टिळक आळीत, लोकमान्यांचं जन्मघर. 23 जुलै 1856 ही तारीख पोरानं तीनदा सांगितली. घर मात्र खरंच बघण्यासारखं, उतरती कौलं, जांभ्याच्या (इथला लाल दगड) भिंती, आत शिरल्याबरोबर गार. मग पतितपावन मंदिर. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळातलं हे देऊळ, 1931 चं, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत मोकळं, आणि पैसा घातला भागोजीशेठ कीरांनी. इथपर्यंत माहिती एक नंबर, पोराचं पाठांतर पक्कं आहे.

घोळ इथून सुरू. देवळाबाहेर दुधाची पिशवी घेतलेले एक आजोबा थांबले आणि मिस्टरांना म्हणाले, "कुठचे तुम्ही? कोणाकडे आलात?" आम्ही म्हणलं कोणाकडे नाही, असंच गाव बघायला. त्यांना ते पटेचना, "असं कसं, कोणीतरी असेलच की इथे." आता ह्या माणसाला खूप काही सांगायचं होतं हे दिसत होतं, पण आमचे गाईडसाहेब घड्याळ दाखवत, "चला चला, टाइम नाही आपल्याला." अरे बाबा, पायी फिरायला आलोय ते कशासाठी? नुसती ठिकाणंच करायची असती तर रिक्षा नव्हती का.

आणि एवढी घाई करून पोचलो कुठे, तर थिबा पॅलेसला पावणेनऊला. फाटक बंद! म्युझियम उघडतं दहाला. हे टूर काढणाऱ्याला माहीत नको? बाहेरनंच फोटो काढले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 ला पकडलं, पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं, आणि राजवाडा तयार झाला 1910 ला. म्हणजे 24 वर्षं दुसऱ्याच बंगल्यांत काढली आणि ह्या वाड्यात राहायला मिळालं सहा वर्षं, 1916 ला गेलाच बिचारा.

पण फाटक बंद होतं म्हणून पलीकडच्या टपरीवर चहा झाला, आणि खरं सांगायचं तर पाचशे रुपये तिथं वसूल झाले. टपरीवरच्या मावशी आपणहून सांगायला लागल्या की राजाची नात तुतू इथंच राहिली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, मराठी आपल्यासारखीच बोलायची, 2000 साली वारली. बाजूला बसलेले एक गवंडीकाका जांभ्यावर घसरले. म्हणे चिरा (जांभ्याचा तासलेला दगड) खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो, मग हवा लागेल तसा कडक होत जातो. "माणसासारखाच," इति गवंडीकाका. गाईड तेवढा वेळ मोबाइलमध्ये.

दुसऱ्या दिवशी गाईडला रामराम केला आणि आम्ही दोघंच निघालो. मोठा रस्ता सोडून पाखाड्यांनी उतरलो. पाखाडी म्हणजे दोन्हीकडे गडगे, म्हणजे दगड रचलेली कुंपणं, आणि मधून दगडी पायऱ्यांची वाट, एका वेळी एकच माणूस जाणार, समोरून कोणी आलं की थांबावंच लागतं आणि थांबलं की "कोणाकडे आलात" आहेच. एका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आजी सुपारी वाळत घालत होत्या, त्यांना थंडी पडत नाहीये म्हणून आंब्याच्या मोहोराची काळजी. पाणी दिलं, वर चार आमसुलं पुडीत बांधून दिली, पैसे विचारले तर रागावल्या.

मांडवीला लोक काळा समुद्र म्हणतात, वाळूच काळपट आहे, आणि रत्नदुर्ग किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. मिरकरवाड्याला बंदरावर मासे, वास सहन होत असेल तरच जा. तिथल्या एका ताईनं बांगडा कसा बघायचा ते हातात देऊन शिकवलं, कल्ले लाल हवेत, डोळा ताठ आणि स्वच्छ, आणि बोटानं दाबलं की खड्डा राहता कामा नये. आम्हाला माशांचा वाटा विकत घ्यायचाच नाहीये हे कळल्यावर पण बोलत राहिली. बंदरावर गेलात तर कामाच्या लोकांच्या पायात येऊ नका फक्त, आम्हाला एकदा ओरडा बसला आणि तो बरोबरच होता.

तर टूरला पाचपैकी तीन. आंबोळी मऊ होती, चटणी बेस्ट, त्याचा अर्धा जास्त. घ्यायचा तर बुक करतानाच सांगा की राजवाडा शेवटी ठेवा आणि दहानंतर. चढउतार भरपूर आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर थिबा पॉइंटपर्यंत रिक्षाच करा, तिथनं खाली भाट्याची खाडी आणि राजिवडा बसल्याबसल्या दिसतो. पावसाळ्यात पाखाड्यांवर शेवाळ धरतं म्हणे, सपाट तळव्याच्या चपला घालून जाऊ नका. आणि राजवाडा आमचा आतून बघायचा राहिला तो राहिलाच, दुसऱ्या दिवशी त्या आजींच्या खळ्यात साडेबारा वाजले.