तेलकट कास्टिंग, गरम अल्ट्रासॉनिक टाकी आणि पावडर कोटिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

३० लिटरची, हीटर असलेली, ४० किलोहर्ट्झची अल्ट्रासॉनिक टाकी (ध्वनिलहरींनी द्रावण थरथरवून मळ सोडवणारी) आणि पाण्यात मिसळायचा अल्कली डिग्रीसर (तेल-ग्रीस काढणारं रसायन), अशी ही जोडी. काम ठरलेलं: क्लच कव्हर, टॅपेट कव्हर, क्रँककेसचे अर्धे भाग, ब्रॅकेट वगैरे पावडर कोटिंगसाठी, म्हणजे कोरडी रंगाची पावडर मारून ती भट्टीत पिकवण्यासाठी, स्वच्छ करणं. मत आधीच सांगतो. टाकी पैसे वसूल करते, पण तिच्यातून निघालेल्या भागावर थेट पावडर मारता येते हा समज खोटा आहे. टाकी वरवरचं धुते. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल बाहेर येतं ते भट्टीत. हा फरक धरला नाही तर कोटिंगला फोड येणारच.

टाकीआधीचं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच उरकलं जातं. बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग, डॉवेल, स्टड, तेलाची पातळी पाहायची काच, सगळं काढायचं. पुढे २०० अंशांची भाजणी आहे, साध्या नायट्राइल रबराचा सील त्यात टिकत नाही. बऱ्याच टॅपेट कव्हरांच्या आतून पत्र्याचा बॅफल (आडपडदा) असतो. त्याच्या मागे साचलेलं तेल कोणतीही टाकी काढत नाही, आणि भट्टीत तेच पातळ होऊन फटीतून बाहेर ओघळतं. स्क्रू असतील तर उघडा. रिव्हेट असतील तर ड्रिल करून नवे मारायची तयारी ठेवा, नाहीतर ते कव्हर कोटिंगला घेऊच नका. जुनं गॅस्केट आणि सिलिकॉन सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं. वाळलेलं सिलिकॉन ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, पुसलं तर नुसतं पसरतं.

ग्रीस आणि मातीचा जाड थर आधी ब्रशनं, डिग्रीसरच्या घट्ट द्रावणानं उतरवा. रॉकेल वापरलं तरी चालतं, पण ते स्वतःच ओशट थर मागे ठेवतं, म्हणून त्यानंतर साबणाचं धुणं आलंच. पेट्रोल नको. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. टाकीत तर कोणताही ज्वलनशील द्रव ओतायचा नाही, खाली हीटर आहे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर या सगळ्या कामातून बादच करा: त्याचे अंश तापले की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

डिग्रीसर निवडताना डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं हवं. पीएच साधारण ९ ते ११ आणि सिलिकेटसारखा गंजरोधक घटक असलेलं द्रावण ठीक. कॉस्टिक सोडा लोखंडावर उत्तम चालतो, पण ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन सोडतो आणि पृष्ठभागावर काळी काजळी ठेवतो. मॅग्नेशियमची कव्हरं वेगळी काढा. त्यांना आम्ल चालत नाही, आणि ब्लास्टिंगमध्ये (दाबाच्या हवेनं बारीक कण मारून पृष्ठभाग खरवडताना) त्यांची धूळ पेट घेऊ शकते.

प्रमाण ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० मिली. तापमान ६० अंश. नवं पाणी भरलं की रिकामी टाकी १० मिनिटं चालवायची, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. हवा असेल तर लहरींचा जोर मऊ पडतो. भाग जाळीच्या टोपलीत ठेवायचा, तळाला टेकवायचा नाही, टेकवला तर तळाचा पत्रा झिजतो. ॲल्युमिनियमला १० ते १५ मिनिटं पुरतात. मध्ये एकदा पलटवा, कारण एका बाजूच्या आडोशाला लहरी नीट पोचत नाहीत. पॉलिश केलेला भाग तासभर आत विसरलात तर त्यावर बारीक खड्डे पडतील.

आता या टाकीची खरी मेख. सुटलेलं तेल वर तरंगतं. भाग बाहेर काढताना तो त्याच तेलाच्या सायीतून वर येतो आणि पुन्हा ओशट होतो. म्हणून टोपली उचलण्याआधी दहा मिनिटं थांबून वरचं तेल शोषक कापडानं किंवा पत्र्याच्या पट्टीनं ओढून घ्यायचं. टाकीला बाजूनं ओसंडून जायची पन्हळ असती तर हा त्रास वाचला असता. माझ्या मते या मॉडेलमधली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. दुसरी म्हणजे हीटर. ५०० वॉटच्या हीटरला ३० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला हिशेबानंच जवळपास अडीच तास लागतात, झाकण उघडं राहिलं तर आणखी. गरम पाणीच भरलेलं बरं. तिसरी उणीव आवाजाची. ४० किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाही, पण त्याच्या निम्म्याची कर्कश शिट्टी येते, कानाला मफ लावाच.

धुऊन झालं की लगेच खंगाळायचं. डिग्रीसर भागावर वाळू द्यायचा नाही. सिलिकेटचा पांढरा थर एकदा वाळला की सहज निघत नाही आणि त्यावर पावडर धरत नाही. दोन बादल्या: पहिली कोमट पाण्याची, दुसरी स्वच्छ, जमल्यास डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याची. मग पाण्याची परीक्षा. भाग ओला करून उभा धरा. पाण्याची सलग चादर अर्धा मिनिट टिकली तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब होऊन पाणी फाटलं तर तिथं तेल आहे. टाकी या परीक्षेत बहुतेक वेळा पास होते, आणि तिथंच माणूस फसतो, कारण ही परीक्षा आतलं काहीच सांगत नाही.

बंद भोकांतलं पाणी हवेनं उडवून भाग भट्टीत जातो. नियम साधा: कोटिंग ज्या तापमानाला पिकणार त्याच्या १५ ते २० अंश वर, निदान तासभर. १८० ते १९० अंशांची पावडर असेल तर २०० ते २१० अंश. हे तापमान धातूचं हवं, हवेचं नव्हे. जाड क्रँककेस तापायला पातळ कव्हरापेक्षा बराच वेळ घेतो. इन्फ्रारेड थर्मामीटर उघड्या ॲल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवतो. न दिसणाऱ्या बाजूला उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका देऊन तिथं मोजा, नाहीतर थर्मोकपल (धातूला टेकवून तापमान मोजणारी तार) लावा. हीट ट्रीटमेंट दिलेल्या (ठरावीक तापवून मजबूत केलेल्या), भार घेणाऱ्या भागांना, उदाहरणार्थ चाकांना, इतकी भाजणी नको, मजबुती उतरते. त्यांना कमी तापमानाला पिकणारी पावडर शोधावी.

पहिल्या भाजणीत धूर निघतो. म्हणून भट्टी हवेशीर जागी हवी आणि स्वयंपाकाची कधीच नको. ॲसिटोननं पुसलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय आत गेला तर स्फोटाचा धोका आहे. बाहेर काढल्यावर स्टडच्या आट्यांभोवती, जाड गाठींवर आणि ओतकामात बसवलेल्या लोखंडी बुशच्या कडेला तपकिरी डाग दिसतील. भाग निवला की ते पुसा आणि पुन्हा भाजा. नवे डाग येणं थांबेपर्यंत हे चालू. गिअरबॉक्सजवळचे तेलात मुरलेले भाग दोनतीन फेऱ्या सहज मागतात.

ब्लास्टिंग यानंतरच. ओशट भाग आधी ब्लास्ट केला तर कॅबिनेटमधली सगळी वाळू तेलकट होते आणि पुढच्या प्रत्येक भागाला तेल लावत सुटते. ८० ते १२० नंबरचा ॲल्युमिनियम ऑक्साइड, दाब ४० ते ६० पीएसआय. लोखंडी शॉट ॲल्युमिनियमवर नको, त्याचे कण रुतून नंतर गंजतात. तेलाच्या वाहिन्या आणि बेअरिंगच्या जागा आधी सिलिकॉनच्या बुचांनी बंद करा. आत राहिलेला एखादा कण इंजिन खाऊन टाकतो. ब्लास्टिंगनंतर बुचं काढून वाहिन्या हवेनं आणि पाण्यानं साफ करायच्या, मग १२० अंशांवर अर्धा तास वाळवायचं. गॅस्केटच्या जागा आणि आटे पॉलिइमाइड टेपनं (भट्टीची उष्णता सहन करणाऱ्या) आणि नव्या बुचांनी झाकायचे. इथून पुढे नायट्राइलचे हातमोजे, आणि पावडर त्याच दिवशी.

दोष वाचता आले तर अर्धं काम वाचतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि फोड म्हणजे आतून वायू किंवा ओल आली, भाजणी कमी पडली. स्वच्छ काठाचा गोल खळगा म्हणजे सिलिकॉन, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल. हवा पांढऱ्या कापडावर सोडून पाहा. सोलपटासारखा अख्खा पापुद्रा सुटला तर डिग्रीसर राहिला होता. वरून दुसरा थर मारून भोकं बुजत नाहीत, त्याच जागी पुन्हा उघडतात. आतून येणारा गॅस सहन करणारा प्रायमर (पावडरखालचा पहिला थर) मदत करतो, पण तेलावर तो उपाय नाही.

द्रावण कधी बदलायचं याचं मोजमाप ॲल्युमिनियम फॉइलनं होत नाही. फॉइल मिनिटभर उभी धरली की तिला समान भोकं पडतात का यावरून फक्त टाकीच्या लहरी कळतात. द्रावण संपत आलं हे पाण्याच्या परीक्षेत कळतं: त्याच वेळात धुतलेल्या भागावर पाणी फाटायला लागलं की बदलायचं. काढलेलं तेल आणि तळाचा गाळ वेगळ्या कॅनमध्ये साठवून वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत द्यायचा, गटारात नाही.