दुभाजकातल्या पाण्याच्या टँकरला आणि पिकअपला लावलेले पिवळे दिवे: दहा महिन्यांचा अनुभव

हायवेच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल शोभेसाठी लावतात असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांचं खरं काम म्हणजे रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा झोत अडवणं. पुणे–बंगळुरू रस्त्याच्या सातारा जिल्ह्यातल्या एका तुकड्यावरची ही झाडं जगवायचं पोटकंत्राट माझ्याकडं आहे. पाणी घालायचं म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दुभाजकाला चिकटून, सगळ्यात वेगाच्या लेनमधून, माणसाच्या चालीनं न्यायचा. मागून एक गडी पाइप धरून चालतो. त्याच लेनमध्ये मागून ऐंशी-शंभरनं गाड्या येत असतात. टँकरच्या मागं पन्नास-साठ मीटरवर माझी पिकअप आडोशाला असते, आणि तिच्याही मागं रस्त्यावर मांडलेले वाहतुकीचे कोन, म्हणजे शंकू.

गेल्या जानेवारीत पहाटे सहाच्या सुमारास एका कंटेनरनं आमचे सात कोन सपाट केले आणि पिकअपला घासता घासता डावीकडं काढली. ड्रायव्हर पुढं जाऊन थांबला आणि उलटा चालत आला. मला वाटलं भांडायला येतोय. लातूरकडचा होता. म्हणाला, "दिवा लांबनंच दिसला हो मला. पण तुम्ही चाललाय का उभं आहात, तेच कळंना."

त्या वेळी पिकअपच्या टपावर जुना फिरता दिवा होता, आत हॅलोजन बल्ब आणि त्याच्याभोवती मोटरवर फिरणारा आरसा. तो दिसत होता, हे त्या ड्रायव्हरनंच कबूल केलं. म्हणजे नुसतं दिसून भागत नाही. दिसल्यावर मागच्याला पुढं काय आहे, किती लांब आहे, हलतंय का नाही, हे समजलं पाहिजे. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. अंदाज बांधायला तीन सेकंद लागले की आमचा पिकअप आणि टँकरमधला सगळा आडोसा संपला.

मग दिवे शोधायला लागलो. आधी पुण्यात नाना पेठेत, नंतर कोल्हापूरला. पहिल्याच दुकानात सल्ला मिळाला, "लाल-निळा घ्या साहेब, पोलिसांसारखा. पब्लिक लगेच बाजूला होतंय." नको म्हटलं. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे सुद्धा उतरले, तिथं टँकरवर लावून मी कुठल्या तोंडानं फिरू? लाल-निळे दिवे पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या गाड्यांचे. रस्त्याच्या कामावरच्या गाडीला पिवळा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत अंबर. आता आमच्या भागात या पिवळ्याची किंमत उसाच्या हंगामात किती राहते हा वेगळा विषय आहे. नोव्हेंबरपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या जत्रेतल्या पाळण्यासारख्या हिरव्या-जांभळ्या लुकलुकत जातात आणि मागं एक धड लाल दिवा नसतो. असल्या झगमगाटाला सरावलेल्या डोळ्यांना आपला पिवळा दिवा वेगळा वाटावा कसा?

दिवा निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, त्यावर आर६५ किंवा एसएई जे८४५ असं काही छापलंय का. आर६५ हे युरोपातलं मानक, जे८४५ अमेरिकेतलं. आपल्याकडं हे कुणी विचारत नाही, पण ज्यानं ते छापलंय त्याच्याकडं निदान चाचणीचा कागद मागता येतो. आर६५मध्ये दिव्यानं सेकंदाला दोन ते चार वेळाच लुकलुकायचं असतं, आणि त्यातल्या क्लास २ दिव्याला दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन पातळ्या असतात. या दुसऱ्या पातळीचं महत्त्व मला नंतर कळलं. दुसरी गोष्ट व्होल्टेज. माझी पिकअप १२ व्होल्टची, टँकर २४चा, म्हणून १० ते ३० व्होल्ट चालणारा माल घेतला. तिसरी, लोहचुंबकवाला घ्यायचा नाही. टपावर चिकटवायचा, वायर सिगारेट-लायटरच्या सॉकेटात खुपसायची, हे आधी एकदा करून झालंय. खंबाटकी घाट चढताना तो टपावरून घसरला आणि वायरीला लोंबकळत दारावर आपटत राहिला.

शेवटी पिकअपला चार फुटी एलईडी लाइटबार घेतला, साडेअकरा हजारांना. टँकरच्या मागच्या बाजूला दोन छोटे फ्लॅशर, म्हणजे लुकलुकणारे दिवे, आणि केबिनवर एक गोल दिवा, हे तिन्ही मिळून साडेचार हजार. बारबरोबर दिशा दाखवणारी पट्टीही आली. तिचे दिवे उजवीकडून डावीकडं पळतात, म्हणजे मागच्याला डावीकडून जा असं सांगतात. सगळ्या खरेदीत जास्तीत जास्त उपयोगी पडली असेल तर ती ही पट्टी. त्या कंटेनरवाल्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

आता बसवण्याबद्दल. दिव्यापेक्षा यातच जास्त शिकलो.

आमचे वायरमनकाका तीस वर्षं ट्रकची कामं करतात. टँकरचं बोनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. जुना १२ व्होल्टचा दिवा आधीच्या कुणीतरी दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच जोडला होता. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या असतात आणि अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो. मधूनच एकीवरून करंट काढला की ती कायम उपाशी राहते आणि दुसरीला जास्तीचं चार्जिंग होतं. दर वर्षी एक बॅटरी का बदलावी लागते याचं कोडं मला चार वर्षं सुटत नव्हतं. काका म्हणाले, "एका बैलाला पेंड आणि दुसऱ्याला नुसता कडबा घातलाय तुम्ही." तेव्हापासून टँकरची एकही बॅटरी बदललेली नाही.

पिकअपला दुकानदारानं बारबरोबर पाऊण स्क्वेअरची (पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची) बारीक वायर दिली होती. काकांनी ती बाजूला ठेवली आणि अडीच स्क्वेअरची काढली. मी कुरकुरलो, तेव्हा त्यांनी मीटर लावून दाखवलं. बॅटरीपासून टपाच्या मागच्या टोकापर्यंत सहा मीटर जाणारी, सहा मीटर येणारी. पाच अँपिअर ओढले की पाऊणच्या वायरीत सव्वा ते दीड व्होल्ट वाटेतच जातो, अडीचच्या वायरीत अर्ध्याच्या आत राहतो. बॅटरीजवळ दहा अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले (केबिनमधल्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा), केबिनमध्ये स्विच. पत्र्यातून वायर जाते तिथं ती कापू नये म्हणून रबरी ग्रॉमेट, म्हणजे कडं. टपाला भोक पाडायचं नाही असं मी बजावलं होतं, कारण पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. म्हणून केबिनमागच्या कॅरिअरला लोखंडी पट्टी वेल्ड करून बार तिच्यावर बोल्टनं बसवला. अर्थिंग चॅसीला ओढताना काकांनी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळलं आणि वर ग्रीस फासलं. एवढ्या कामाला दिवस गेला आणि वायरिंगचे अडीच हजार झाले. दुकानात माणूस हे अर्ध्या तासात करून देत होता.

बारमध्ये वीसेक पॅटर्न होते. पहिले दोन दिवस पोरांनी रोज नवीन लावून पाहिला, एक तर अगदी वरातीतल्या डीजेसारखा. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यात संथ पॅटर्न लावला आणि पॅटर्न बदलायचं बटण काकांकडून डॅशबोर्डच्या आत टाकून घेतलं. भराभर लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण अंतराचा अंदाज त्याच्यावरून येत नाही. बारचे पुढचे दिवेही काढून टाकले. कण्हेर वाळून जिथं मोकळं पडलंय तिथं ते थेट समोरच्या रस्त्यावरच्या लोकांच्या डोळ्यात जात होते. ज्या झोतासाठी झाडं लावायची तोच झोत आपण स्वतः मारायचा, हे काही पटेना.

फेब्रुवारीत वाटलं, सगळं जमलं. मग एका पहाटे पाइपवाला गडी तक्रार घेऊन आला. "मालक, डोळ्यापुढं नुसतं पिवळं पिवळं होतंय. खड्डा सुदीक दिसंना." मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला, तेव्हा पहाटे माझी मोटरसायकल काढली आणि मागं एक किलोमीटरवरून कामाकडं येऊन पाहिलं.

दिवा किलोमीटरभरावरून दिसत होता. झकास. जवळ येत गेलो तसा दिवाच दिवा. टँकर दिसला, पण गडी नाही. अंगात नवं कोरं जॅकेट, त्याच्यावर चंदेरी पट्ट्या, आणि तरी तो मला अंदाजानं चाळीसेक मीटरवर आल्यावर दिसला, आणि मला तो तिथं आहे हे माहीत होतं! जॅकेटची पट्टी माझ्या हेडलाइटचा उजेड परत फेकते. तिच्या शेजारी दहापट प्रखर दिवा लुकलुकत असला तर डोळा तिला धरतच नाही. गाडी वाचवायला लावलेल्या दिव्यानं माणूस झाकला होता.

त्याच दिवशी बारची रात्रीची पातळी शोधली. एक जास्तीची करडी वायर होती, तिला व्होल्टेज दिलं की बार मंद होतो. काकांनी ती हेडलाइटच्या स्विचला जोडली, म्हणजे अंधारात हेडलाइट लावले की बार आपोआप उतरतो. टँकरचे मागचे फ्लॅशर गड्याच्या डोळ्याच्या उंचीला होते, ते टाकीच्या वरच्या कडेला नेले. शिवाय एक साधा पांढरा कामाचा दिवा खाली तोंड करून लावला, फक्त गड्याच्या पायाजवळची जागा उजळेल असा. पुन्हा मोटरसायकलवरून येऊन पाहिलं. आता गडी शंभरेक मीटरवरून ओळखू येतो, चालतोय हेही कळतं.

एप्रिलमधली चूक मात्र माझी. डिझेल वाचवायला पिकअपचं इंजिन बंद ठेवून बार आणि चारी इंडिकेटर चालू ठेवले होते. चार तासांत बॅटरी बसली, तीही लेनमध्येच. लाइटबारसकट मेलेली गाडी वेगाच्या लेनमध्ये उभी, ढकलायला तीन माणसं. व्होल्टेज पडलं की दिवा बंद करणारं यंत्र बाजारात मिळतं. ते नको म्हटलं, कारण त्या जागी दिवा विझणं हाच मोठा धोका. त्याऐवजी व्होल्टेज उतरलं की ओरडणारा बझर बसवला. आता इंजिन चालू असतं, आणि डिझेल मी कामाच्या खर्चात धरतो.

मे महिन्याच्या भर दुपारी हे दिवे निम्म्यानं निकामी होतात, हे घेण्याआधीच माहीत असू द्या. बारा ते तीन उन्हात पिवळा दिवा फिका पडतो. त्या वेळी कामाला येतात ते फलक, कोन आणि झेंडीवाला. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) एसपी ५५ या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे चार टप्पे सांगितलेत: आधी सूचना, मग लेन वळवणं, मग काम, मग मोकळं. आमचं काम सरकतं असल्यानं सूचनेचा फलकही सरकवावा लागतो. त्याला एक माणूस जास्तीचा लागतो, आणि कंत्राटाचे दर ठरवताना तो माणूस कुणीच धरत नाही. यावर मी वरच्या लोकांशी तीनदा बोललोय.

दिव्याइतकाच फायदा रेडियमनं दिला, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी पट्टी, नियमाप्रमाणे. दीड हजारात टँकरचा सगळा आकार अंधारात उठून दिसतो, वायर नाही, फ्यूज नाही. अडचण एकच, पंधरा दिवसांत तिच्यावर धूळ आणि चिखलाचा थर बसतो. दहा हजार लिटर पाणी पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गाडीची पट्टी धुवायला आठवण करून द्यावी लागते.

पावसाळ्यात बारच्या दोन काचांच्या आत वाफ धरली. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं. दुकानदारानं विचारलं, प्रेशरनं धुता का? धुतो, दर आठवड्याला वॉशिंग सेंटरला. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. जवळून मारलेल्या प्रेशर गनची चाचणी वेगळी, तिला ६९के लागतं. आता गाडी धुताना बारवर प्लॅस्टिकची गोणी घालतो. उरलेली एक किरकोळ तक्रार म्हणजे, बार चालू केला की रेडिओवर खरखर येते. ड्रायव्हर त्यावर माझ्यापेक्षा जास्त नाराज आहे.

या दहा महिन्यांत आमच्या मागं ब्रेकचा कर्कश आवाज दोनदा ऐकला. आधी आठवड्याला एकदा ऐकू यायचा. लोक पाचशे मीटरवरूनच डावीकडं सरकताना दिसतात, विशेषतः ट्रकवाले. कारवाले अजूनही शेवटपर्यंत लेन सोडत नाहीत आणि वर हॉर्न मारतात.

वाफ धरलेल्या दोन मॉड्यूलपैकी (बारमधल्या दिव्यांच्या कप्प्यांपैकी) डावीकडचं दिवाळीनंतर पुरतं गेलं. वॉरंटी वर्षाची आहे, दुकानदार बदलून देतो म्हणतो, पण अख्खा बार काढून कोल्हापूरला पाठवायचा आणि आठ दिवस वाट बघायची. सोमवारपासून पुन्हा पाणी सुरू होतंय. तोवर काकांकडं जुना फिरता दिवा पडला होता, तो पुसून डाव्या कोपऱ्यात बसवलाय.